वृद्धांची काळजी आणि त्यांचें स्वातंत्र्य

वृद्ध मातापितरांची काळजी घेणें हें मुलांचें कर्तव्य आहे, याविषयीं आपल्या समाजांत सहसा दुमत होत नाहीं. परंतु काळजी घेणें आणि ताबा घेणें यांतील सीमारेषा कोठें आहे, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतों. आमच्यावर तो विचारण्याचा प्रसंग आला, तो असा.

आमच्या मातोश्री ८२ वर्षांच्या आहेत. वाईस आपल्या जुन्या घरीं त्या एकट्याच राहतात. गेल्या पावसाळ्यांत न्हाणीघरांत पाय घसरून त्या पडल्या. सुदैवानें मनगटावर निभावलें. आम्ही धांवत गेलों आणि त्यांना कायमचें पुण्यास आणण्याचा निश्चय त्यांस न विचारतांच करून टाकला. त्यावर त्या शांतपणें म्हणाल्या, "पडेन या भीतीनें तुझ्याकडे येऊन बसलें, तर आजपासूनच पडून राहिल्यासारखें नाहीं का रे?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

मिल्लनें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत धोक्याच्या पुलाचा दृष्टांत दिला आहे. धोका ठाऊक नसलेला मनुष्य त्या पुलावर पाऊल टाकीत असेल आणि सावध करण्यास अवसर नसेल, तर त्यास मागें ओढणें हें त्याच्या स्वातंत्र्यावर अतिक्रमण नव्हे. कारण नदींत पडण्याची त्याची इच्छा नसतेच. परंतु अपाय निश्चित नसून केवळ संभवनीय असेल, तर तो पत्करावा कीं नाहीं हें ज्याचें त्यानें ठरवावें. इतरांनीं सावध करावें, बळानें अडवूं नये. बालक व भ्रमिष्ट यांना मात्र तो या नियमांतून वगळतो. आमच्या मातोश्री या दोहोंपैकीं कोणीच नाहींत. आणि त्या न्हाणीघराचा निसरडेपणा त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, मनुष्य एकटा पडत नाहीं. त्याचें हाड मोडलें कीं सारें कुटुंब अडकून पडतें. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच वृद्धांच्या स्वातंत्र्यासही एक कर्तव्य चिकटलेलें आहे: योग्य तें साहाय्य त्यांनीं नाकारूं नये. स्वावलंबन म्हणजे कोणाचेंच साहाय्य न घेणें नव्हे. कोणतें साहाय्य घ्यावें हें स्वतः ठरविणें होय. मातोश्रींनीं हें मान्य केलें. न्हाणीघरांत भिंतीस धरावयाचे दांडे बसले, गुळगुळीत फरशी निघून खरखरीत आली, रात्रीं वाटेवर मंद दिवा जळूं लागला. रक्तदाबाच्या औषधानें उठतांना चक्कर येत होती, तें डॉक्टरांनीं तपासून बदललें. एक किल्ली शेजारीं राहते आणि सकाळीं आठ वाजतां दूरध्वनि होतो. धोका नाहींसा झाला नाहीं, कमी झाला.

२०११ च्या खानेसुमारींत देशांत साठ व त्यांवरील वयाचे सुमारे १० कोटी ३८ लक्ष लोक होते. त्यांच्या पोषणाचा विचार २००७ च्या कायद्यानें केला आहे. अन्न, वस्त्र, निवास व औषधोपचार हीं त्यांत येतात. परंतु वृद्धाच्या शब्दास त्याच्याच घरांत किती मान असावा, हें कोणताही कायदा पूर्णपणें सांगूं शकणार नाहीं. तें मुलांच्या विवेकावरच राहतें.

उद्यां त्यांची स्मृतीच ढळली, शेगडी पेटती राहूं लागली, तर आमचा निर्णय बदलेल, आणि तो बदलणें हेंच तेव्हां कर्तव्य ठरेल. परंतु उद्यांच्या भयानें आजचा अधिकार हिरावून घेणें न्याय्य नाहीं. मनाशीं प्रामाणिक राहून सांगावयाचें, तर त्या दिवशीं आम्ही त्यांच्या सुरक्षिततेपेक्षां आमच्या निश्चिंत झोंपेचाच विचार अधिक करीत होतों. तिची किंमत त्यांनीं आपलें अंगण सोडून द्यावी, हें मागणें प्रेमाचें दिसलें तरी त्यांत स्वार्थाचाच अंश मोठा होता. आतां पाऊस लागला कीं आम्हांस झोंप येत नाहीं. ती चिंता आमच्या वांट्याची आहे. ती आम्हींच वाहिली पाहिजे.