बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी

मंडळीतील एखाद्या बंधूने पदवी मिळवली, की उपासनेनंतर त्याचे अभिनंदन होते, पेढे वाटले जातात. त्या वेळी त्याची पत्नी बहुधा मागे चहा गाळीत उभी असते. तिचे अभिनंदन कोणी करीत नाही.

करजगीसारख्या सीमेवरच्या गावातूनही चाळिशीत पुन्हा शिकायला निघणे आता अशक्य राहिलेले नाही. कलबुर्गीला १९८० मध्ये विद्यापीठ झाले; २००९ मध्ये आळंद तालुक्यात कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ आले. शिक्षकाला प्राध्यापक व्हावेसे वाटते, कारकुनाला पाळक. इच्छा चांगलीच आहे. पण तिची किंमत कोण देतो?

आपल्याच भाषेतील एक थोर उदाहरण पाहू. १९१८ साली भीमराव आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी सुखाने संसार व्हावा एवढा. पण लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२० मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी नोकरी सोडली. साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडचे कर्ज घेऊन ते लंडनला गेले. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. त्याच वर्षी डी.एस्‌सी.ही मिळाली.

लंडनमध्ये ते अर्धपोटी राहून शिकले, हे आपण मुलांना सांगतो. पण परळच्या चाळीत रमाबाईंनी ती तीन वर्षे कशी काढली, हे कितीजण सांगतात? त्यांच्या पाच मुलांपैकी चार बालपणीच गेली. १९४० च्या अखेरीस बाबासाहेबांनी आपला पाकिस्तानविषयीचा ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला, आणि पडत्या काळात त्यांनी सोबत सोसले याची कृतज्ञ नोंद केली. ते ऐकायला रमाबाई नव्हत्या. १९३५ मध्येच त्या गेल्या होत्या.

कोणी म्हणेल, त्या विद्येने लाखोंचे कल्याण झाले. खरे आहे, आणि उत्तरही तेथेच आहे. दाविदाला बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी प्यावेसे वाटले, तेव्हा तीन वीर पलिष्ट्यांच्या छावणीतून वाट काढून ते घेऊन आले. दाविदाने ते प्यायले नाही, परमेश्वरासमोर ओतले. दुसऱ्याने जीव धोक्यात घालून आणलेले पाणी केवळ आपली तहान भागवण्यासाठी नसते, हे त्याने ओळखले. घरच्यांच्या कष्टाने मिळालेली पदवीही तशीच आहे. बाबासाहेबांनी ती स्वतःपुरती ठेवली नाही.

म्हणून निघण्यापूर्वी पत्नीला विचारावे, आणि असे विचारावे, की तिला ‘नाही’ म्हणता येईल. तिचे गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. गहाण पडणारे दागिने, मुलांची फी, सासूची औषधे, शेताची राखण, हा सारा हिशेब दोघांनी मिळून करावा. मागून घेतलेला त्याग हे दान असते. गृहीत धरलेला त्याग ही उचल असते, आणि उचल फेडावी लागते.

आणखी एक कसोटी आहे. उद्या तीच म्हणाली, “आता मी शिकायला जाते,” तर आपण चूल सांभाळू का? शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा प्रश्न मोठ्या वर्गातील मुलांना जरूर विचारावा. पण त्याआधी आपल्या घरी विचारावा.