वजनावर तोललेला गुन्हा

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या (एनसीबी) मुंबई पथकाने नांदेड जिल्ह्यात, नायगाव तालुक्यातील मांजरमजवळ एक ट्रक अडवला. आत ११०० किलोंहून अधिक गांजा निघाला. माल आंध्रातून जळगावकडे चालला होता. आदल्याच महिन्यात याच पथकाच्या क्रूझवरील कारवाईने अख्खा महाराष्ट्र टीव्हीसमोर खिळवला होता, मांजरमची बातमी मात्र लवकरच विरली. अमली पदार्थांचा कायदा सामान्य माणसाला कुठे आणि कसा भिडतो, हे समजून घ्यायचे असेल, तर क्रूझपेक्षा मांजरमचा रस्ता अधिक शिकवतो.

अमली पदार्थांचा हा एनडीपीएस कायदा १९८५ चा. २००१ च्या दुरुस्तीपासून त्यातली शिक्षा मुख्यतः वजनावर ठरते. एक किलोपर्यंत गांजा सापडला तर जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोंच्या वर गेला की ‘कमर्शियल’: किमान दहा, कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख दंड. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, असेल तर ही रेषा अवघ्या ५० ग्रॅमवर येते. एप्रिल २०२५ मध्ये लातूरच्या चाकूर तालुक्यात, रोहिना शिवारात, महसूल गुप्तचर संचालनालयाने (डीआरआय) एमडीचा कारखानाच पकडला. माल ११ किलोंहून जास्त होता. तिथे रेषेचा वाद उद्भवतच नाही.

पण रेषा ओलांडली की नुसती शिक्षा वाढत नाही, खटल्याचा पायाच बदलतो. कलम ३७ प्रमाणे, आरोपी निर्दोष असावा असे मानायला सबळ कारण दिसल्याशिवाय न्यायालयाला जामीन देता येत नाही. कलम ३५ आणि ५४ मुळे, माल ताब्यात होता एवढे सिद्ध झाले की पुढचे ओझे आरोपीवर. ‘मला माहीत नव्हते’ हे आता त्यानेच शाबीत करायचे. भाड्याने गाडी हाकणारा ड्रायव्हर आणि मालाचा खरा धनी यांच्यात वजनकाटा फरक करत नाही. धनी बहुधा गाडीत नसतोच.

ड्रायव्हरची ही गत, तर शेतातल्या माणसाची त्याहून अवघड. मराठवाड्यात तुरीच्या, कपाशीच्या किंवा उसाच्या आडोशाला गांजाची झाडे लावली जातात. छापा पडतो, झाडे उपटली जातात आणि मुळे, माती, खोड, पाला यांसकट ओली ओलीच काट्यावर चढतात. कायद्याच्या व्याख्येत मात्र गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा किंवा फळे आलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पाने त्यात धरायची नाहीत. याच मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी २०२२ मध्ये एका आरोपीला जामीन दिला होता. लागवड हा वेगळा गुन्हा आहे, त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ती असावीही. माझा आक्षेप चिखलाच्या वजनावर एखादा सालगडी ‘कमर्शियल’मध्ये ढकलला जाण्याला आहे. सातबारा मालकाचा, झाडांची खबर मालकाला, आणि शेतात सापडतो तो गडी.

म्हणूनच ‘तांत्रिक कारणाने सुटला’ हे वाक्य मला मान्य नाही. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क सांगायचा (कलम ५०), मालाची यादी आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर प्रमाणित करून घ्यायचे (कलम ५२-अ), या अटींना आपण पळवाटा म्हणतो. जिथे जामीन जवळजवळ बंद आहे आणि निर्दोषत्व आरोपीनेच दाखवायचे आहे, तिथे पंचनाम्याचा कागद हाच त्याचा एकमेव बचाव. ५२-अ पाळले नाही म्हणून आरोपी आपोआप सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा या अटींनी गुन्हेगार मोकाट सुटतात ही भीतीही अतिरेकी आहे. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले. ते प्रामाणिकपणे झाले तर पंच फितूर झाल्याची तक्रार पोलिसांनाच कमी करावी लागेल, आणि काट्यावर फुलोरा चढला की मुळासकट माती, हेही न्यायाधीशांना दिसेल.

ड्रायव्हर आणि गड्यापलीकडे, व्यसनी मुलांचा प्रश्न याच कायद्यात वेगळा हाताळला आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला कलम ६४-अ सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या खटल्यापासून संरक्षण देते. शिकवण्यांसाठी खोल्या करून राहणाऱ्या हजारो मुलांच्या लातुरात हे कलम पालकांना ठाऊक असायला हवे.

आणखी एक कलम गावाला ठाऊक हवे, ४७ वे. बेकायदा लागवड कळताच पोलिसांना खबर देणे हे सरपंच, पंच आणि गावपातळीवरील अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. टाळाटाळ केली तर शिक्षा आहे. कलम ४६ तसेच बंधन जमिनीच्या मालकावर घालते. पीक काही एका रात्रीत कमरेइतके वाढत नाही. म्हणून प्रत्येक छाप्यानंतर तपास अधिकाऱ्याने सालगड्याच्या जबाबावर न थांबता मालकाला आणि सरपंचाला विचारावे, तुम्हाला हे कधी कळले आणि तुम्ही कोणाला कळवले. त्यांची उत्तरे दोषारोपपत्राला जोडावीत.