अपरिग्रह आणि पाण्याचा कूलर

पतंजलींच्या पाच यमांत अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे संचय न करणे, आहे. जैनांचे तत्त्वार्थसूत्र तर वस्तूला नव्हे, तिच्यावरील आसक्तीला परिग्रह मानते. पुण्यात टिळक रोडवर संगणक जुळवून घेणाऱ्याला स्वस्त लिक्विड कूलर घ्यावा का, हा प्रश्न या कसोटीवर तपासता येतो.

द्रव उष्णता नाहीशी करत नाही. ती प्रोसेसरकडून रेडिएटरपर्यंत वाहून नेतो. तिथून ती पंख्याने खोलीतच जाते, म्हणून एप्रिलमधल्या चाळीस अंशांच्या खोलीत त्याचाही नाइलाज होतो. १२० मिलिमीटरचा रेडिएटर त्याच किमतीच्या, हवेने थंड करणाऱ्या चांगल्या टॉवर कूलरपेक्षा सहसा सरस ठरत नाही. शिवाय पंप झिजतो, नळ्यांतून द्रव हळूहळू उडतो आणि तो भरायची सोय बहुधा नसते. टॉवरचा फक्त पंखा बिघडतो, तो बदलता येतो. ६५ वॉटच्या प्रोसेसरसाठी हे सारे हौसेचेच. हौस गैर नाही, पण तिला गरज म्हणणे ही फसवणूक.

पुण्यातच पाषाणला असलेल्या आयसर या विज्ञानसंस्थेतला ‘परम ब्रह्म’ महासंगणकही द्रवानेच थंड होतो. तिथे तो परिग्रह नव्हे: दाटीने बसवलेल्या प्रोसेसरांची उष्णता हवेला पेलणे अवघड. घरीही दोनशे वॉटच्या पुढचा प्रोसेसर तासन्‌तास राबत असेल, तर मोठा, चांगला लिक्विड कूलर योग्य; स्वस्तातला तेव्हाही नाही.