धक्क्याखालची न्याहारी

कोकणातल्या कुठल्याही धक्क्यावर सकाळी गळ टाकून बसलेला माणूस हमखास दिसतो. बघणाऱ्याला तो रिकामटेकडा वाटतो. पण त्याचं अर्धं काम उजाडण्यापूर्वीच उरकलेलं असतं: खाडीत पाग टाकून त्यानं बोयची पिल्लं किंवा कोळंबी धरलेली असते, आणि ती बादलीत जिवंत ठेवलेली असते.

हे जिवंत ठेवणंच अवघड. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो, म्हणून जाणकार बादली सावलीत ठेवतात, पाणी वरचेवर बदलतात. कोळंबीला गळ टोचतात तो डोक्यावरच्या काट्याच्या बुडाशी, आतला काळा ठिपका चुकवून. ठिपका भेदला की कोळंबी मेलीच, आणि मेलेल्या आमिषाला जिताडा सहसा विचारत नाही.

धक्क्याच्या खांबांवर कालवं आणि शेवाळ चढतं. त्यांच्या आडोशाला लहान मासे येतात, आणि त्यांच्या मागावर तांबोशी, गोबरा, जिताडा. पाणी वाहू लागलं की हे शिकारी खांबाच्या सावलीत प्रवाहाकडे तोंड करून थांबतात. पाणी थबकलं की गळही थबकतो.

जिताड्याची आणखी एक गंमत. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो! म्हणजे सगळ्यात मोठा, फोटो काढण्याजोगा मासा बहुधा अंडी घालणारी मादीच. ती परत सोडणारे थोडे, सोडावी मात्र. आणि तुटलेला तंगूस धक्क्यावर टाकू नका, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.