जड गोळी आणि नळीचा पीळ

पावस, जि. रत्नागिरी

चि. मुग्धास,

पत्र मिळालं. बालेवाडीच्या रेंजवर शेजारच्या लेनमधला मुलगा तुला म्हणाला की गोळी जेवढी जड तेवढी ती वाऱ्याला दाद देत नाही. त्याचं म्हणणं चूक नाही, अर्धवट आहे. एकाच व्यासाची गोळी जड करायची म्हणजे ती लांब करावी लागते. लांब गोळीचा वेग हवेत सावकाश गळतो, म्हणून वारा तिला कमी ढकलतो. मग सगळेच जड गोळ्या का वापरत नाहीत, हा तुझा प्रश्न रास्त आहे. वरणगावच्या आयुध निर्माणीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला तो विचारलास, म्हणजे पत्र लांबणार हे तुला ठाऊकच असणार.

बाणाचं टोक जड असतं आणि मागे पिसं असतात, त्यामुळे तो आपसूक सरळ जातो. रायफलची गोळी म्हणजे उलटा बाण. पुढचं निमुळतं टोक हलकं, बूड जड. हवेचा दाब पुढे आणि वजनाचा मध्य मागे, त्यामुळे ती कोलांटी घ्यायला टपलेलीच असते. नळीतल्या आट्यांनी दिलेली गिरकी तिला सावरून धरते. गोळी लांब झाली की हवेला तरफ मोठी मिळते, म्हणून गिरकीही जास्त लागते आणि नळीचा पीळ घट्ट हवा. तू सुरुवात केलीस त्या एअर रायफलच्या छर्‍याला मात्र बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर असतो. तो खऱ्या बाणाच्या जातीचा, गिरकीवाचून त्याचं फारसं अडत नाही.

आपल्या आगरात तुझ्या पणजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. नळी आतून गुळगुळीत, आटे नाहीत, फक्त बार काढायचा.  

पीळ किती हवा याचा सोपा आडाखा वुलविचच्या आल्फ्रेड ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९ साली दिला. गोळीच्या व्यासाचा वर्ग कर, त्याला १५० ने गुण, लांबीने भाग. मापं इंचात घे. उत्तर येईल तेवढ्या इंचांत गोळीचा एक पूर्ण फेरा व्हायला हवा. तुझी पॉइंट टू-टूची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर. व्यास ०.२२३, लांबी साधारण ०.४६. करून बघ, १६ च्या आसपास येईल, आणि बहुतेक टू-टूच्या नळ्या १६ इंचांना एक फेरा अशाच असतात. ५० मीटरवर पोचेपर्यंत तुझी गोळी सव्वाशेच्या आसपास फेरे घेते. १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेतलं ते ह्याच अंतरावर, ह्याच बोअरने.

आता जवळपास तेवढ्याच व्यासाची ७७ ग्रेनची गोळी घे. लांबी इंचाला टेकते, उत्तर साडेसातच्या आसपास येतं. म्हणून तिला सात किंवा आठचा पीळ लागतो. आणि ह्याच्या उलट टोक बघ. ज्या एनफिल्डच्या काडतुसांवरून १८५७ साली भडका उडाला, तिची गोळी ५३० ग्रेनची, सातपट जड. पीळ मात्र ७८ इंचांना एक फेरा! गोळी जाडजूड, व्यासाच्या मानाने आखूड आणि बुडाला पोकळ, त्यामुळे वजन पुढे सरकलेलं. त्या पोकळीमुळे ग्रीनहिलच्या हिशेबापेक्षाही सैल पीळ तिला चालला. तेव्हा डब्यावरचे ग्रेन वाचून पिळाचा निर्णय करू नकोस. निव्वळ तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते, कारण तांबं हलकं. ग्रेन तेवढेच, पण पीळ घट्ट हवा.

मग सरसकट सातचाच पीळ का नको? सातच्या नळीतून सेकंदाला ३००० फुटांनी सुटलेली गोळी सेकंदाला पाच हजारांवर गिरक्या घेते. पातळ कवचाची हलकी गोळी एवढ्या गिरकीत वाटेतच फुटून विरू शकते. कवच एका अंगाला केसभर जाड असलं तरी जास्तीची गिरकी तो दोष वाढवते. कवचाच्या जाडीवर आम्ही डोळे फोडायचो ते उगीच नव्हे.

पीळ कमी पडला की कागदावर दिसतं. सावरलेली गोळी गोल भोक पाडते, कडेला काळपट रेघ. सैल पिळात भोकं लांबट व्हायला लागतात, आणि मग एखादी गोळी आडवी लागते. तिची अख्खी आकृती कागदात फाटून उमटते. तिथे साइटचे क्लिक फिरवत बसणं व्यर्थ. गोळी आणि नळीच्या काठावरच्या जोडीला हवाही दगा देते. अमेरिकेच्या एम-१६ ला आधी १४ इंचांचा पीळ होता. कडाक्याच्या थंडीतल्या दाट हवेत ५५ ग्रेनची गोळी डगमगू लागली, तेव्हा तो १२ वर आणला. दमट हवा जड असते असं आपल्याकडे सगळे म्हणतात, पण वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी. मे महिन्यातल्या रत्नागिरीपेक्षा जानेवारीतल्या दिल्लीच्या पहाटेची हवा आठ-दहा टक्के तरी दाट भरेल. इथे जेमतेम सावरलेली गोळी तिथे घसरेल.

टू-टूत ही भानगड नाही. तिथे आपल्या नळीला मानवणारा काडतुसांचा लॉट शोधणं हेच काम. पण पुढे मोठ्या बोअरकडे वळलीस तर आधी नळी मोज. रायफल रिकामी आहे ना ते दोनदा बघ, बोल्ट बाहेर काढ. फिरत्या मुठीच्या सळईला घट्ट चिंधी लाव, मुठीजवळ सळईवर एक पट्टी चिकटव, तोंडाशी सळईवर पेनाने खूण कर आणि हळूहळू आत ढकल. ती पट्टी एक पूर्ण फेरा घेऊन वर आली की पुन्हा खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पीळ. दोन-तीनदा मोज, चिंधी सरकली की आकडा फसवतो. मग गोळी कॅलिपरने मोजून दोन्ही आकडे मला कळव, गणित मी इथे करतो.

बाबांना म्हणावं, आंब्याच्या पेट्या शनिवारच्या गाडीने येतील.

तुझा,
अण्णाआजोबा