पेत्सवालचा भोवरा

छायाचित्रणाच्या लेन्सचे, म्हणजे एका नळीत ठरावीक अंतरांवर बसविलेल्या भिंगांच्या जुळणीचे, जुने आराखडे आज डिजिटल कॅमेऱ्यांसाठी पुन्हा घडविले जात आहेत; मात्र ग्राहक पैसे मोजतो ते आराखड्याच्या गुणासाठी नव्हे, तर दोषासाठी. जोसेफ पेत्सवाल यांनी 1840 मध्ये व्हिएन्नात गणिताने सिद्ध केलेली व्यक्तिचित्राची लेन्स तत्कालीन साध्या भिंगापेक्षा सुमारे 15 पट प्रकाश आत घेई, त्यामुळे माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसविण्याची गरज उरली नाही. याची भरपाई चित्राच्या कडांना करावी लागली: मध्यभाग रेखीव, पण कडेकडे अबिंदुकता, म्हणजे एका बिंदूतून निघालेले किरण पुन्हा एका बिंदूत न मिळण्याचा दोष, वाढत जाई.

लोमोग्राफी या कंपनीने 2013 मध्ये लोकवर्गणी उभारून, रशियातील झेनिटच्या साहाय्याने, हीच लेन्स नव्याने बाजारात आणली, आणि जाहिरात केली ती या कडांचीच. (पितळी नळी व छिद्र लहानमोठे करण्यासाठी खाचेत सरकवायच्या पट्ट्या हा निव्वळ हौसेचा भाग.) वरवट बकालसारख्या गावात वैशाखातल्या लग्नात कडुनिंबाखाली उभ्या नवरीचे छायाचित्र या लेन्सने घेतले, तर पानांच्या फटींतून झिरपणारे उजेडाचे ठिपके गोल राहत नाहीत, तिरप्या किरणांचा काही भाग नळीच्या काठाशी अडल्याने ते कडेला चपटे, टोकांशी निमुळते होतात आणि चेहऱ्याभोवती भोवरा फिरत असल्याचा भास होतो.

मूळ लेन्सचा दुसरा दोष मात्र गाळला गेला. तिच्यात हवा आणि काच सहा ठिकाणी भेटत, प्रत्येक ठिकाणी चार-पाच टक्के प्रकाश परावर्तित होई, आणि त्यातला काही आतच भटकून चित्रावर धूसर पडदा धरी. हे रोखणारा पातळ लेप झाइसचे अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये शोधला, तो नव्या लेन्सवर आहे. अस्सलपणाचे आग्रही या निवडीवर नाराज होतील, पण ती योग्यच म्हटली पाहिजे, कारण धूसरपणा संगणकावर मागाहून चढविता येतो, तर भोवऱ्याचा आकार प्रत्येक पान लेन्सपासून किती दूर होते यावर ठरतो आणि ते अंतर सपाट चित्रात नोंदलेलेच नसते.