बाळाच्या नावाने

१९ फेब्रुवारीच्या आत मोकळं करा, एवढंच मागणं. न्यू जर्सीतल्या एका डॉक्टरीणबाईंपुढे सात महिन्यांची गरोदर बाई नवऱ्याला घेऊन बसली. तारीख मार्चमधली, पण सिझेरियन आत्ताच करून टाका म्हणे. टेक्सासमधल्या एका डॉक्टरांना दोन दिवसांत पंधरा-वीस जोडप्यांशी याच विषयावर बोलावं लागलं. व्हिसावर आलेल्यांच्या बाळांना १९ फेब्रुवारीनंतर जन्माने अमेरिकेचं नागरिकत्व नाही, अशा आदेशावर ट्रम्पसाहेबांची सही झाली ती जानेवारी २०२५ मधल्या एका सोमवारी. त्याच आठवड्यात गुरुवारी सिअ‍ॅटलच्या न्यायाधीशांनी त्या आदेशाला चौदा दिवसांची स्थगिती दिली. हे न्यायाधीश रेगन यांनी नेमलेले, म्हणजे कुणी क्रांतिकारक नव्हेत. पण चौदा दिवसांच्या स्थगितीवर कुणाला शांत झोप लागत नाही, हे मान्य.

इकडे आमच्या परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरला अजून रेल्वे आली नाही. अमेरिका मात्र कधीच येऊन पोचली. बसस्टँडसमोर कागदी कपातला चहा पीत (मेणाच्या चवीला हल्ली चहा म्हणतात) त्या आठवड्यात ज्या घोळक्यात उभा राहिलो, तिथे सोयाबीनच्या भावानंतर लगेच एच-वन-बी व्हिसाचं निघत होतं. कुणीतरी म्हणालंच, "शिवजयंतीलाच झालं तर सोन्याहून पिवळं!" सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझा स्वभावच तसा आहे, असं घरचे सांगतात.

या घाईची कारणं तीन-चार ऐकली. हल्ली मशिनी आहेत, लवकर झालेलंही जगतं. सगळेच करताहेत. डॉक्टरांना विचारून बघायला काय जातं? ही कारणं सोडून देतो. एक मात्र सोडवत नाही: "हे सगळं बाळाच्या भल्यासाठी."

म्हणजे मागणी बाळाची आहे तर! मग रीतसर अर्जही आला असेल. तहसीलसमोर बसणाऱ्या अर्जनविसाने तो असा लिहिला असता:

"विषय: मुदतीपूर्वी जन्म मिळणेबाबत. महोदय, अर्जदार सध्या आईच्या पोटी वास्तव्यास असून मौजे न्यू जर्सी येथील रहिवासी आहे. अर्जदाराचे वजन अंदाजे दोन किलो असून फुप्फुसांचे काम प्रगतिपथावर आहे. तथापि अर्जदारास श्वासापेक्षा पासपोर्टची निकड अधिक असल्याने अर्जदारास दि. १९ फेब्रुवारीपूर्वी बाहेर काढण्यात यावे. काचेच्या पेटीत नळ्या लावून राहण्यास अर्जदाराची हरकत नाही. आईच्या पोटावरील टाक्यांबाबत अर्जदाराचे काही म्हणणे नाही. सोबत: काही नाही. सही: पालकांची."

अर्ज बाळाचा, सही पालकांची. या प्रकरणात मला खुपतं ते एवढंच.

बाळाला काय हवं असतं ते डॉक्टरांना विचारलं तर उत्तर फार साधं आहे: अजून काही आठवडे. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलं की ते अपुऱ्या दिवसांचं. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्याच संघटनेने तर २०१३ साली ठरवून टाकलं, की ३९ आठवडे भरल्याशिवाय पूर्ण दिवसांचं म्हणायचं नाही. श्वास सोडल्यावर फुप्फुसातल्या इवल्या पिशव्या मिटून चिकटू नयेत म्हणून आत एक स्निग्ध थर लागतो, तो शेवटच्या आठवड्यांत पुरेसा तयार होतो. दूध ओढायची ताकद तेव्हाच येते, मेंदू तेव्हाच झपाट्याने वाढतो. त्याआधी ओढून काढलेल्या लेकराला धाप लागते, कावीळ होते, अंग ऊब धरत नाही. 'सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही' असं आपल्या आज्या सांगायच्या. शास्त्राने ते खोटं ठरवलं. जितके दिवस जास्त तितकं जगणं सोपं. पण त्या खोट्या समजुतीपायी आठव्या महिन्यात पोटाला जपलं तरी जायचं. आपण खरी माहिती मिळवली आणि सुरी मागायला निघालो.

बरं, भलं नेमकं कुणाचं? अमेरिकेचं नागरिक झालेलं पोर आईबापांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकतं ते वयाची २१ वर्षं भरल्यावर. म्हणजे २०४६ साली. तोवर तिथे अध्यक्षाच्या पाच निवडणुका होऊन जातील. तिथे एका देशाला सात टक्क्यांच्या वर ग्रीन कार्डं नाहीत, या नियमामुळे भारतीयांची रांग हलत नाही, म्हणून ही म्हातारपणाची सोय. सोय बघण्यात पाप नाही, सगळेच बघतात. ती बाळाच्या नावावर मांडू नये, इतकंच. आणि ज्या देशासाठी ही घाई, त्या देशाचा केंद्रीय कायदा बाळंतिणीला बारा आठवडे रजा देतो. तीही बिनपगारी, आणि कंपनीत किमान पन्नास नोकर असतील तरच.

आपण इथे बसून फिदीफिदी हसायचं मात्र कारण नाही. गुरुपुष्यामृतावर काढा, अमावास्या टाळा, राहुकाळ लागायच्या आत काढा, हे डॉक्टरांना सांगणारी मंडळी तुमच्या-माझ्या घरातली आहेत. देशात २०१५-१६ साली शंभरातल्या १७ बाळंतपणांत पोटावर सुरी चालत होती, २०१९-२१ पर्यंत ते प्रमाण २१च्या वर गेलं. यातली कितीतरी सिझेरियन जीव वाचवण्यासाठीच झाली असतील. पण पंचांगवाल्यांना विचारा, त्यांचंही उत्तर तेच: बाळाच्या भल्यासाठी. तिकडे ट्रम्प, इकडे राहू.

जन्माने मिळणारा हा हक्क अमेरिकेच्या घटनेत १८६८ साली आला, गुलामगिरीतून सुटलेल्यांना आणि त्यांच्या लेकराबाळांना नागरिक म्हणता यावं म्हणून. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्कला चीनहून परतताना बंदरातच अडवलं, तेव्हा तो कोर्टात गेला आणि १८९८ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकला. कायदा वाकडा वाटला तर भांडायची जागा ती. ऑपरेशनचं टेबल नव्हे.

आणि हेही सांगतो. आपल्याकडेही आधी इथे जन्मला तो आपला, असंच होतं. १ जुलै १९८७ पासून आई किंवा बाप भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून त्यात भर पडली, की एक भारतीय असला तरी दुसरा बेकायदा आलेला नसावा. तेव्हा जिंतुरात कुणाच्या पोटात दुखल्याचं मला आठवत नाही. ट्रम्प करतो तो अन्याय आणि आपण केला तो बंदोबस्त. असो.

गरोदरपणी घर सोडून लांब राहणारी दुसरीही जोडपी आपल्या जिल्ह्यात आहेत. जानेवारीत साखर कारखान्यांचा हंगाम भरात असतो. गंगाखेडकडून, शेजारच्या बीडमधून गेलेले ऊसतोड मजूर कोल्हापूर-सांगलीच्या, नाहीतर कर्नाटकातल्या फडात तेव्हा पालं टाकून असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिथे गणती. बायको पहिलटकरीण असली तरी मोळ्या उचलते, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. यात भूषणाचं काही नाही. ही आपल्या सगळ्यांची लाज आहे, साखर खाणाऱ्यांसकट. पण तिला विचारा, बाई, या अवस्थेत का आलीस? ती "बाळाच्या भल्यासाठी" म्हणणार नाही. "उचल फेडायची आहे," म्हणेल. नाइलाज आपला आहे हे तिला ठाऊक आहे, आणि तो ती पोटातल्या जिवावर ढकलत नाही. एमएस केलेल्यांना एवढं जमू नये?

तिकडच्या त्या घाईत इकडच्या आजी-आजोबांचाही वाटा आहे. परवा एसटीत एका गृहस्थांनी फोनचा स्पीकर लावून सुनेच्या सोनोग्राफीपासून व्हिसापर्यंत सगळं अख्ख्या गाडीला ऐकवलं. (फोन कानाला लावायची पद्धत नेमकी कधी मोडली?) पोराला म्हणत होते, "तारखेचं बघ बाबा, पुन्हा संधी नाही." सून कशी आहे, हे बोरी येईपर्यंत त्यांनी विचारलं नाही. बोरीनंतरचं सांगत नाही, मी पुढच्या सीटवर जाऊन बसलो.

एवढं बोलून झाल्यावर न्यू जर्सीतल्या त्या जोडप्याचा राग टिकत नाही, ही माझी अडचण. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा. बाहेर बर्फ. हाताखाली माणूस नाही. बाळंतपणाला आई येणार, ती व्हिजिटर व्हिसावर. त्यासाठी आधी देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठून बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत, आणि पास झालीच तर डिंकाचे लाडू अमेरिकन कस्टमच्या मर्जीवर. अशा भीतीत माणूस काहीही मागतो. डॉक्टर 'नाही' म्हणण्यासाठीच असतो, आणि टेक्सासच्या त्या डॉक्टरांनी जोडप्यांना यातला धोका समजावून सांगितला, हे त्यातल्या त्यात बरं. मीही पंचवीस-तिशीत तिथे असतो तर शहाण्यासारखा वागलो असतो, असं लिहायला हात धजत नाही. फक्त मागताना "आमच्यासाठी" म्हणा. भीती आपली आहे असं एकदा तोंडाने म्हटलं की निम्म्या सुऱ्या आपोआप म्यानात जातात.

आणि ज्यांना वाटतं की हा आदेश लागू झाला तर बाळ कुठल्याच देशाचं उरणार नाही, त्यांनी निश्चिंत असावं. आईबाप भारतीय असतील आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसेल, तर जन्मापासून वर्षभराच्या आत आपल्या वकिलातीत नोंद केली की ते भारतीय. पूर्ण दिवसांचं असलं तरी चालतं. त्यासाठी लवकर काढा म्हणून डॉक्टरच्या मागे लागलेलं जोडपं मात्र अजून ऐकिवात नाही.